सोलापूरचा कॉम्प्रेसर आणि तांब्याची नळी

मला हैदराबादला जायचं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे एका जुन्या लोखंडी यंत्रावर मी एवढा जीव का टाकत होते ते कळेल.

लग्न होऊन मी अणदूरहून कळंबला आले, तेव्हा सासऱ्यांचं, म्हणजे अब्बांचं, बाजारात गोटी सोड्याचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर, आणि मधल्या बोळकांडीत सोडा भरायचं यंत्र. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं लोटली होती. थोरले दीर पूर्वी कचेरीत नोकरीला होते. राज्य गेलं, कचेरीची भाषा बदलली, तसे ते बिऱ्हाड उचलून हैदराबादला गेले. ईदला आले की धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या ह्यांना, एकच सांगायचे, "इथं काय ठेवलंय? चला तिकडं." जाऊबाई माझ्याकडं बघून गोड हसायच्या. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण मी शिकलेले अणदूरच्या मराठी शाळेत. माझं उर्दू ऐकून जाऊबाईंना फार मौज वाटायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यांच्या शेजारी सारा जन्म काढायचा, या विचारानंच मला कापरं भरायचं. इथून एक एसटी पकडली, एक बदलली, की माझ्या आईचं घर होतं.

ह्यांचं मन मात्र डळमळत होतं. लोक आमच्याशी वाईट वागले असं मी कधीच म्हणणार नाही. गल्लीत कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही, आणि ह्यांना तेच खुपायचं. सासूबाई, म्हणजे अम्मा, सांगायच्या की पूर्वी मोरीच्या पाण्यावरून काय एकेक भांडणं व्हायची. राज्य गेल्यापासून मात्र आमचं पाणी समोरच्या अंगणात गेलं तरी लोक "असू द्या, असू द्या" म्हणायचे. समोरच्या घरातली आजी तर भांडणात साऱ्या पेठेत पहिली. तिच्या तोंडाला मोठमोठे आडतवाले भ्यायचे. पण आमच्या दारापाशी आली की तिचाही आवाज खाली यायचा, आणि ज्यांना तिनं उघडं नागडं खेळताना पाहिलं त्या आमच्या ह्यांना ती "तुमी" म्हणायची. हे म्हणायचे, "पाहुण्याशी बोलतात तसं बोलतात आपल्याशी. पाहुणा कधी ना कधी जायचाच असतो."

त्यात धंदा बसत चालला. लोकांना आता थंड हवं होतं. बार्शीहून बर्फ यायचा, लाकडाच्या भुशात आणि पोत्यात गुंडाळून, आणि तो सगळा स्टँडजवळच्या हॉटेलवाल्याकडं जायचा. आमच्याकडं आलेलं गिऱ्हाईक बाटलीला नुसता हात लावायचं, "गरमच हाय की," म्हणायचं आणि चालू लागायचं. अब्बांनी त्या वेळी बाटल्या ओल्या गोणपाटात ठेवायला सुरुवात केली. त्यानं बाटली थंड होण्यापेक्षा अब्बाच जास्त भिजायचे.

शेवटी ह्यांनी ठरवलं, बर्फ आपणच करायचा. चैत्रात येरमाळ्याला येडेश्वरीची जत्रा भरते. चुनखडी वेचायला माणसं रणरणत्या उन्हात रानभर पसरतात आणि मग तहानेनं कासावीस होतात. त्या जत्रेत आपला बर्फ विकला गेला तर इथंच राहायचं. नाही निघाला बर्फ, तर जत्रा झाली की दुकानाला कुलूप घालून भावाकडं जायचं. हे त्यांनी सर्वांदेखत सांगितलं. त्या दिवशी अम्मांनी भाकरी करपवली, एवढं मला आठवतं.

बर्फाला इंजिन लागतं. आमच्या भिंतीला भिंत लागून पिठाची गिरणी होती. तिचे मालक वयानं अब्बांहून थोडे लहान, मी त्यांना मामा म्हणायची. मामांचं इंजिन दुपारनंतर रिकामंच असायचं. "भिंतीला भोक पाडू आन पट्टा हिकडं घेऊ," मामा म्हणाले. मिठाच्या पाण्याचा हौद बांधून झाला. गॅस खेळवून पाणी गोठवायला हौदात बसवायची नळीही ह्यांनी आणून ठेवली होती, कुठल्याशा भंगारातली, तांब्याची, लांब लांब तुकड्यांत. घासली की अशी झळकायची की अम्मा तिच्याकडं बघत बसायच्या. फक्त गॅस दाबणारा कॉम्प्रेसर तेवढा नव्हता, म्हणजे बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी असाच सगळा कारभार होता. तो जुना घ्यायचा, सोलापुरात घ्यायचा, इतकंच ठरलं होतं.

जुनं यंत्र घ्यायचं म्हणजे ते आपल्याला बसतं की नाही हे आधी बघायला हवं. मापं घ्यायची होती, पण कशानं? गिरणीतली पट्टी इंचाची, अब्बांची नजर गजाची, आणि सरकारनं तेव्हा नुकतेच मीटर आणलेले. तिघा पुरुषांची वादावादी ऐकून माझं डोकं उठलं. मी शिवणाचे दोरे घेऊन गेले. माझी आई गावातल्या बायकांची कपड्यांची मापं अशीच घ्यायची. पट्ट्याच्या रुंदीला हिरवा दोरा, मामांच्या चाकाच्या घेराला लाल, चौथऱ्यावरच्या बोल्टांमधल्या अंतराला पांढरा, नळीच्या तोंडाला पिवळा. जिथं माप संपलं तिथं गाठ. पुरुषांना ते फार पसंत पडलं. पण कुठली गाठ कशाची हे कुणाच्याच ध्यानात राहीना, म्हणून मलाही सोलापूरला न्यावं लागलं. मी त्याचसाठी गाठी जरा जास्त मारल्या होत्या, असं मामा पुढं सगळ्यांना सांगायचे. तसं असेलही.

येरमाळ्याला गाडी बदलून आम्ही चौघं सोलापुरात उतरलो. भंगाराच्या दुकानदारानं एका कोपऱ्यातलं पोतं बाजूला केलं आणि आत तो कॉम्प्रेसर होता. काळा, तेलकट, बसलेल्या रेड्यासारखा. अब्बा त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि मुलगी बघायला आल्यासारखी चौकशी सुरू केली. आधी कुठल्या घरात होता? तिथून का निघाला? मालक वारला का बुडाला? कधी उघडून दुरुस्त केलाय का? मागं त्याच्या घराण्यात कुणी फुटलंय का?

दुकानदार वैतागला. "यंत्र घ्यायलाव का सोयरीक करायलाव ओ?"

"दोन्ही एकच आहे," अब्बा शांतपणे म्हणाले. "दोन्ही घरात आणून ठेवायचंय."

मामांनी चाक हातानं फिरवून बघितलं. कॉम्प्रेसरवर बाण कोरलेला होता, त्याच बाजूनं ते फिरायला हवं होतं. मामा डोळे मिटून आपल्या गिरणीत उभे राहिल्यासारखे उभे राहिले, हवेत हात गरागरा फिरवला आणि म्हणाले, "बसतंय! बसतंय!" आजूबाजूला गर्दी जमली. मग माझे दोरे निघाले. हिरवा बसला. लाल थोडा कमी पडला, पण तेवढं चालतं असं मामा म्हणाले. पांढरा तर असा बसला की जणू याच कॉम्प्रेसरवरून घेतला होता. पिवळा नळीच्या तोंडावर ठेवला आणि गाठीला गाठ जुळली. मला तिथंच टाळी वाजवावीशी वाटली. आम्ही राहतो, मी मनात म्हणाले, आम्ही कळंबातच राहतो.

दुकानदार गॅसची टाकीही देणार होता. बोलता बोलता त्यानं विचारलं, "हौदात नळी कशाची घातलाव?"

"तांब्याची," हे अभिमानानं म्हणाले.

त्यानं मान हलवली. "तांबं चालत नाही ओ. हा अमोनिया आहे. तांबं खातो तो. लोखंडी घ्या."

आमचे चेहरे उतरले. लोखंडी नळी पुन्हा शोधायची, आणायची, आणि जत्रा तर तोंडावर आलेली. दुकानदारानं खात्रीसाठी टाकीची चावी किंचित सैल केली. फस्सकन वास आला आणि नाकात सुई गेल्यासारखं झालं. आम्ही सगळे मागं सरलो, आणि मग अब्बा खदाखदा हसायला लागले.

"अरे, हा तर नवसागर!"

खरंच होतं. तोच वास. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागराची पूड टाकतो तेव्हा पांढरा धूर उठतो ना, हुबेहूब तो. आता कल्हईवाले येत नाहीत. तो वास मला अजून अधूनमधून यावासा वाटतो. तेव्हा तर महिन्या दोन महिन्यांनी गल्लीच्या तोंडाशी भाता लागायचा आणि बायका पातेली घेऊन धावायच्या. आम्हाला तो वास आईच्या पदरासारखा ओळखीचा होता.

"नवसागर तांब्यावरच तर टाकतात," अब्बा म्हणाले. "त्यानं तांबं उजळतं. खाईल कशाला?"

"आमच्याकडं जन्मभर टाकतेत," मामांनी दुजोरा दिला. "एकबी भांडं खाल्लेलं न्हाय."

"तुमची मर्जी," दुकानदार म्हणाला आणि हमाल बोलवायला गेला.

घरी आल्यावर थोडी धाकधूक होती, ती अम्मांनी मिटवली. खाण्याचा प्रश्न आला म्हणजे तो स्वयंपाकघराचा झाला, आणि तिथं अम्मांचा शब्द शेवटचा. "तांब्यात ताक ठेवलं तर काय होतं?" त्यांनी विचारलं. "कळकतं. मग आपण तांबं फेकून देतो का? कल्हई करतो." त्यांनी सोड्याच्या यंत्राकडं बोट दाखवलं. त्याचा पिंप तांब्याचा, आतून कल्हईचा, आणि अब्बांच्या जवानीपासून त्यात सोडा बनत आलेला. पुरुषांनी माना डोलावल्या. मीसुद्धा मान डोलावली. आजही तो युक्तिवाद मला निम्मा पटतो.

कल्हईवाला आला. नळीला आतून कल्हई करायची म्हटल्यावर आधी तो हसला, मग इरेला पेटला. एकेक तुकडा निखाऱ्यावर तिरका धरून त्यात वितळलेलं कथील ओतायचा आणि तारेला बांधलेला कापसाचा बोळा या तोंडातून त्या तोंडात ओढायचा. दिवसभर गल्लीत नवसागराचा धूर. पोरंटोरं नळीला डोळा लावून आत बघायची आणि "चांदी, चांदी" म्हणून ओरडायची. मग नळी वळवून हौदात बसवली, जोड दिले, भिंतीच्या भोकातून पट्टा आला. अब्बांनी "बिस्मिल्ला" म्हटलं, मामांनी पलीकडं इंजिनाला नारळ फोडला, आणि कॉम्प्रेसर धपधप करत चालू झाला.

त्या संध्याकाळी हौदातल्या नळीवर पांढरं दव धरलं. दुसऱ्या दिवशी हौदात उभ्या केलेल्या डब्यातल्या पाण्यावर पापुद्रा आला, दुधावर साय यावी तसा. अम्मांनी बोट लावलं. पापुद्रा मोडला आणि त्यांच्या बोटावर चिकटून राहिला. त्या ते बोट घेऊन घरभर फिरल्या, पापुद्रा विरघळेपर्यंत. आयुष्यात एवढं खूश मी त्यांना क्वचितच पाहिलं. हळूहळू पापुद्र्याचा थर झाला. मध्ये पाणी राहायचं, बर्फाची लादी काही धरत नव्हती, पण हे म्हणायचे रोज थोडा जाड होतोय. ते रोज हौदाशी बसायचे आणि मी त्यांना तिथंच जेवण नेऊन द्यायची. हैदराबादचं नाव कुणी काढत नव्हतं.

जत्रा अगदी जवळ आली आणि एका दुपारी नळी गेली.

आवाज मोठा झाला नाही. एखाद्यानं दातांतून श्वास ओढावा तसा सीऽऽ आवाज आला आणि बोळकांडी पांढरी झाली. डोळे उघडवेनात, छातीत श्वास मावेना. हे "बाहेर! बाहेर!" ओरडत सगळ्यांना ढकलत होते. मामांनी पट्टा पाडला आणि पोती भिजवून दारात टाकली. गॅस तोवर गल्लीत पोचला. दळण न्यायला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून पळाल्या. आडतीवरचे हमाल धाय मोकलून रडत होते, आणि रडताना एकमेकांना विचारत होते की कोण गेलं? समोरच्या आजीच्या म्हशीनं दावं तोडलं आणि ती वाट फुटेल तिकडं गेली. सगळी पेठ संध्याकाळपर्यंत डोळे चोळत बसली. कुणाच्या जिवाला काही झालं नाही, याबद्दल मी देवाची अजून ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी नळी बाहेर काढली. ती निळी झाली होती, जागोजाग निळीशार, शाई सांडल्यासारखी. कल्हई पापडासारखी सुटून आली आणि खालचं तांबं बोटानं दाबलं तरी चिरत होतं. दुकानदारानं सांगितलं होतं तेच झालं होतं. नवसागर तांबं उजळतो तो वरचा थर खाऊनच, हे आम्हाला इतकी वर्षं तो धूर हुंगूनही कळलं नव्हतं.

अब्बांनी दुकान उघडलं नाही. अम्मांनी दुपारी जुनं लुगडं अंथरलं आणि त्यावर ताटवाट्या ठेवायला लागल्या. मी त्यांच्याकडं बघत राहिले. "नक्को अम्मा, आत्ताच नक्को," मी म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही, घट्ट गाठ मारली. मग मी आत जाऊन रडले, आणि ते रडणं गॅसचं नव्हतं.

सगळ्यात वाईट वाटत होतं ते गल्लीचं. एवढा ताप दिला, पण कुणी ब्र काढला नाही. मामांचं सारं पीठ वासानं वाया गेलं, लोकांची दळणं गेली. "असू द्या, होतंय असं," म्हणून सगळे पुढं जात होते. हे ओट्यावर मान खाली घालून बसले होते आणि प्रत्येक "असू द्या"ला आणखी खाली वाकत होते.

तेवढ्यात समोरचं दार धाडकन उघडलं. आजी बाहेर आली. डोळे लालभडक, डोईचा पदर खांद्यावर, हातात तुटलेलं दावं. ती मधला रस्ता ओलांडून सरळ आमच्या ओट्यापाशी आली.

"ए मुडद्या!" ती ओरडली. "वर बघ! डोळं फोडलंस की रं माझं! वैऱ्याच्या घरावर बी असला धूर कुनी सोडत न्हाय. म्हस माझी ढोकीपत्तुर पळाली, दूध आटलं तिचं, कोन भरून देनार? लोखंड घे म्हनला व्हता ना त्यो सोलापूरवाला? मग तांबं कशाला घातलंस? अक्कल गहाण टाकलीस का?"

सगळी गल्ली दारात आली. अम्मा हातातलं टाकून धावत आल्या. अब्बा उठून उभे राहिले. मला तर वाटलं, आता हे खरंच उठून आजच्या आज निघतील.

ह्यांनी मान वर केली. "आजी, चुकलं. आता न्हाय व्हनार. आमी चाललो हैदराबादला."

"चाललास?" आजीचा आवाज आणखी चढला. "गल्लीला रडवून चाललास व्हय? आन पुढल्या वैशाखात माझ्या नातीचं लगीन हाय, तवा सरबताला बर्फ काय तुझा बाप देनार?"

तिचा बोट दाखवणारा हात अब्बांपासून वीतभर लांब होता. आणि अब्बा हसले. आधी नुसती दाढी हलली, मग पोट हलायला लागलं, मग ते ओट्यावर मटकन बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिले. मामा हसायला लागले, मागून हमाल हसले. आजी काही हसली नाही. ती दावं आपटत होती आणि म्हशीचं, पिठाचं, आमच्या मोरीच्या पाण्याचं, वर्षानुवर्षांचं सगळं एका दमात काढत होती. हे तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होते, तहानलेल्या माणसानं पाण्याकडं बघावं तसे.

बऱ्याच वेळानं ती दम घ्यायला थांबली, तेव्हा ह्यांनी विचारलं, "आजी, वऱ्हाड किती येनार?"

मी आत गेले आणि अम्मांनी बांधलेलं गाठोडं सोडायला बसले. गाठ बोटांनी सुटेना, मग दातांनी सोडवली.